'गेट' म्हणजे फक्त मिळणं नाही: एक छोटासा इंग्रजी शब्द नीट वापरायचा कसा

आमच्यावेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं, आम्ही त्याआधीचे. तर पाचवीतच कधीतरी वहीत लिहून घेतलेलं, गेट म्हणजे मिळणे, भूतकाळ गॉट, आणि ते पाठ झालं ते झालंच. पुढे कित्येक वर्षं मला वाटायचं की हा शब्द मला येतो. मग नोकरीला लागले, रोज इंग्रजी मेल, इंग्रजी मीटिंग, आणि तिथे दर दुसऱ्या वाक्यात गेट यायचा आणि माझं 'मिळणे' कुठेच बसायचं नाही. 'इट्स गेटिंग लेट.' आता याचं काय करायचं, उशीर मिळतोय?

ज्यांचं माझ्यासारखंच झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मराठी मीडियममधून आलेल्या आपल्या लोकांना अवघड शब्द येतात हो, 'डेव्हलपमेंट', 'रिस्पॉन्सिबिलिटी' सगळं येतं, अडतं ते गेट, टेक, पुट, हॅव असल्या दोन-तीन अक्षरी शब्दांवर, कारण त्यांचा एकच अर्थ आपल्याला शिकवलेला असतो. म्हणून आज एकच शब्द घेऊ आणि तो पुरता धुंडाळू.

सुरुवात आपल्याच भाषेपासून. वर मी लिहिलं 'नोकरीला लागले'. आता हा 'लागणे' बघा. भूक लागली, ठेच लागली, निकाल लागला, रांग लागली, वेळ लागतो, दार लागलं, जावं लागलं, पाऊस पडायला लागला. आणि एसटी स्टँडवर 'गाडी लागली' म्हटलं की गाडी फलाटाला आली, आणि घाटात 'गाडी लागली' म्हटलं की मळमळायला लागलं, खिडकीची जागा द्या. एखाद्या परदेशी माणसाला तुम्ही 'लागणे' म्हणजे काय ते एका शब्दात सांगून दाखवा बरं. नाही सांगता येणार. पण तुमचं कधी चुकतं का? नाही, कारण तुम्ही 'लागणे' एकटं शिकलाच नाहीत, 'भूक लागली' असं अख्खं शिकलात. गेटचं अगदी असंच आहे, आणि तो शिकायचाही असाच, एकटा नाही, त्याच्या पुढच्या शब्दासकट.

म्हणून पहिला नियम, आणि खरं सांगायचं तर हाच मुख्य नियम: गेट दिसला की त्याचा अर्थ आठवत बसू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे वस्तू आहे, की टायर्ड-अँग्रीसारखा गुण सांगणारा शब्द आहे, की जागा आहे, की क्रियापदाचं तिसरं रूप आहे (डन, स्टोलन, सिलेक्टेड वगैरे), त्यावर सगळं ठरतं. आणि या सगळ्यांत एक धागा सारखाच आहे, तो म्हणजे बदल. आधी नव्हतं, आता आहे. आधी तिथे होतो, आता इथे आहे.

वस्तू पुढे असेल तर सोपं आहे, तिथे आपलं पाचवीतलं 'मिळणे' चालतं. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र मिळालं. पण इथेही नुसतं मिळणं नाही, आणणं आणि विकत घेणंसुद्धा येतं. 'कॅन यू गेट मी सम वॉटर?' म्हणजे जरा पाणी आणून देतोस का. 'व्हेअर डिड यू गेट धिस सारी?' म्हणजे ही साडी कुठून घेतलीस, आणि हा प्रश्न विचारणारी बाई तुम्हाला साडी फुकट मिळाली असं म्हणत नाहीये. आजारही यातच येतो, 'आय गॉट अ कोल्ड', मला सर्दी झाली.

आता इथे थोडं थांबा, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या गोष्टीचा, आणि ही मला कुठल्या वर्गात कुणी सांगितलेली नव्हती, एका रविवारी वहीत वाक्यं एकाखाली एक लिहिताना दिसली. मराठीत आपण किती गोष्टी 'मला' ने सुरू करतो बघा. मला पत्र मिळालं, आय गॉट अ लेटर. मला सर्दी झाली, आय गॉट अ कोल्ड. मला राग आला, आय गॉट अँग्री. मला कंटाळा आला, आय गॉट बोअर्ड. मला खेळायला मिळालं, आय गॉट टू प्ले. मला समजलं, आय गॉट इट. मराठीत मिळणे, होणे, येणे, समजणे अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि गोष्टी आपल्याकडे चालत येतात, राग येतो, सर्दी होते, आपण नुसते 'मला' म्हणून उभे असतो. इंग्रजीत तोच माणूस 'आय' होऊन वाक्याच्या डोक्यावर बसतो आणि क्रियापद एकच, गॉट. त्यामुळे मनात 'मला अमुक झालं, मला अमुक आलं' असं वाक्य तयार झालं की इंग्रजीत 'आय गॉट' बसतंय का ते आधी तपासायचं. दर वेळी बसेलच असं नाही, पण बऱ्याच वेळा बसतं, आणि 'टू मी अँगर केम' असलं काहीतरी तोंडातून निघायचं टळतं.

फक्त एक काळजी घ्या, 'आय गॉट' म्हणजे बदल झाला, घडून गेलं. आत्ताची स्थिती सांगायची असेल तर 'आय ऍम'. आत्ता या क्षणी मला भूक लागलीय तर 'आय ऍम हंग्री'. काल प्रवासात मधेच भूक लागली म्हणून वडापाव घेतला असं सांगत असाल तर 'आय गॉट हंग्री, सो आय बॉट अ वडापाव'.

यावरून गेटच्या पुढे गुण सांगणारा शब्द येतो तो प्रकारही कळतो. चहा थंड आहे, 'द टी इज कोल्ड'. चहा थंड होतोय, पी लवकर, 'द टी इज गेटिंग कोल्ड'. अंधार आहे, 'इट इज डार्क'. अंधार पडायला लागला, 'इट इज गेटिंग डार्क'. तिचं लग्न झालेलं आहे, 'शी इज मॅरिड'. तिचं लग्न मे महिन्यात झालं, 'शी गॉट मॅरिड इन मे'. म्हणजे मराठीत 'आहे, होता' असेल तर इज-वॉज, आणि 'झालं, होतंय, व्हायला लागलं' असेल तर गेट. (आणि जाता जाता, कुणाशी लग्न झालं हे सांगताना 'मॅरिड विथ' नाही, 'मॅरिड टू'. ही चूक मी लग्नपत्रिकेबरोबरच्या इंग्रजी मेसेजमध्येसुद्धा बघितलीय.)

पण 'झालं' म्हणजे गेट हे सगळीकडे लावू नका. ती डॉक्टर झाली, इथे 'शी बिकेम अ डॉक्टर' म्हणायचं. 'शी गॉट अ डॉक्टर' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल तिने डॉक्टर बोलावून आणला. कारण पुढे 'अ डॉक्टर' म्हणजे नाम आलं, आणि नाम आलं की गेट परत मिळण्या-आणण्याच्या अर्थाकडे जातो. पुढचा शब्द बघा म्हणते ते याचसाठी.

जागा पुढे असेल तर पोचणे. 'व्हॉट टाइम डिड यू गेट टू द स्टेशन?' स्टेशनला किती वाजता पोचलास. इथे टू लागतो, पण होम, हिअर, देअर यांच्याआधी टू लागत नाही, 'आय गॉट होम ॲट नाइन', 'हाऊ डू आय गेट देअर?' हे तिसरं वाक्य, म्हणजे तिथे कसं पोचायचं, परगावी किंवा परदेशी फिरताना रोज लागतं, पाठच करून टाका. आणि 'रीच' वापरणार असाल तर उलट, त्याच्यापुढे टू कधीच नाही, 'आय रीच्ड पुणे', 'रीच्ड टू पुणे' नाही.

गाड्यांचं सांगते कारण त्यात मराठीच मदतीला येते. बस, ट्रेन, विमान यात 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार, टॅक्सी, रिक्षा यात 'गेट इन' आणि 'गेट आउट'. लोक विचारतात लक्षात कसं ठेवायचं. आपण बोलतो कसं ते आठवा, बसमध्ये आपण चढतो, लोकलमध्ये चढतो, पण रिक्षात बसतो, रिक्षात कुणी चढत नाही. जिथे चढून आत उभं राहता येतं, चालता येतं तिथे ऑन, जिथे वाकून थेट सीटवर बसायचं तिथे इन. बाइक, सायकल, घोडा यांच्या वर बसायचं म्हणून तेही ऑन.

आणि उतरताना 'गेट डाउन' म्हणू नका. आय विल गेट डाउन ॲट दादर, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि भारतात सगळ्यांना समजतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण बाहेरच्या माणसाला 'गेट डाउन' म्हटलं तर त्याला वाटतं झाडावरून, स्टुलावरून खाली उतर, किंवा खाली वाक, धोका आहे. दादरला उतरायचं तर 'आय विल गेट ऑफ ॲट दादर'.

आता येतो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा वापर, आणि हाच शाळेत सगळ्यात कमी शिकवतात. काम दुसऱ्याकडून करवून घेणं. मराठीत आपण सरळ म्हणतो 'मी केस कापले', आणि सगळ्यांना कळतं की सलूनमध्ये जाऊन कापून घेतले. मी नोकरीत नवीन असताना एका मीटिंगच्या आधी 'आय कट माय हेअर' म्हणाले आणि पलीकडच्या बाईंनी खूप काळजीने विचारलं, स्वतःच कापलेस का, छान कापलेस. तेव्हा मला कळलंच नाही त्या असं का विचारतायत, संध्याकाळी घरी आल्यावर उलगडा झाला. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हणजे मी कात्री घेऊन आरशासमोर उभी राहिले. पार्लरमध्ये जाऊन कापले असतील तर 'आय गॉट माय हेअर कट'.

रचना अशी: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हा क्रम हलवायचा नाही. गाडी सर्व्हिसिंग करून घेतली, 'आय गॉट द कार सर्व्हिस्ड'. ब्लाउज शिवून घेतला, 'आय गॉट अ ब्लाउज स्टिच्ड'. रक्त तपासून घ्या, 'गेट युअर ब्लड टेस्टेड'. घराला रंग देऊन घेतला, 'वुई गॉट द हाऊस पेंटेड'. मराठीत जिथे जिथे 'करून घेतलं, शिवून घेतलं, तपासून घेतलं' असं म्हणता येतं तिथे हे बसतं. आपण बोलताना 'घेतलं' खाऊन टाकतो, नुसतं 'गाडी सर्व्हिस केली' म्हणतो, म्हणून इंग्रजीत घोळ होतो. तर आधी मराठी वाक्य पूर्ण करा, 'करून घेतलं' म्हणा, मग इंग्रजीत जा. आणि ऑफिसमध्ये कुणी काम सांगितलं तर 'आय विल गेट इट डन' हे पाच शब्द फार कामाचे आहेत, म्हणजे मी स्वतः करेन किंवा करवून घेईन पण होईल.

माणसाला करायला लावायचं असेल तर मात्र टू येतो. 'आय गॉट हिम टू साइन', त्याला पटवून सही करायला लावली. 'मेक' वापरला तर टू नाही, 'आय मेड हिम साइन', आणि त्यात जबरदस्तीचा वास येतो. गेटमध्ये समजावणं, मागे लागणं, गोड बोलणं आहे. लहान मुलांच्या आयांनी लक्षात ठेवावं, 'आय गॉट हिम टू ईट' म्हणजे गोष्ट सांगत सांगत भरवलं.

गेटच्या पुढे लगेच तिसरं रूप आलं की आपल्या बाबतीत काहीतरी घडलं. 'ही गॉट सिलेक्टेड', 'शी गॉट प्रमोटेड', 'माय फोन गॉट स्टोलन'. ही वाक्यं 'वॉज' नेही होतात, पण गॉट बोलण्यातलं आहे, आणि बहुतेक वेळा काहीतरी चांगलं पदरात पडलं किंवा काहीतरी वाईट गुदरलं असं असलं की लोक तो वापरतात.

संधी मिळणं हा वापर क्रिकेटवाल्यांना पटकन कळेल. 'आय डिडंट गेट टू बॅट', मला बॅटिंगच मिळाली नाही. 'डिड यू गेट टू मीट हर?' तिला भेटायला मिळालं का? गेट टू आणि साधं क्रियापद, मराठीत 'करायला मिळालं'. इथे आपलं जुनं 'मिळणे' परत उपयोगी पडतं.

पण यातच एक खड्डा आहे. 'आय गॉट टू नो दॅट युअर फादर इज इल', म्हणजे मला कळलं की तुझ्या वडिलांना बरं नाही. हे वाक्य आपण भारतात सर्रास लिहितो. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस इथे 'आय हर्ड' किंवा 'आय फाउंड आउट' म्हणतो. 'गेट टू नो' त्यांच्याकडे माणसाची किंवा गावाची हळूहळू ओळख होत जाण्यासाठी आहे, 'आय गॉट टू नो हर इन कॉलेज', कॉलेजमध्ये आमची ओळख वाढली. म्हणजे बातमी कळली तर हर्ड, माणूस कळत गेला तर गेट टू नो. असंच 'आय गॉट लेट'. उशिरा पोचलात तर 'आय वॉज लेट', वाटेत अडकलात तर 'आय गॉट डिलेड', आणि रात्र व्हायला लागली, आता निघूया, तर 'इट्स गेटिंग लेट'. तसंच 'आय गॉट अ डाउट' च्या जागी साधं 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा, कारण बाहेर डाउट म्हणजे शंकेपेक्षा संशयच जास्त वाटतो.

उच्चाराबद्दल. देवनागरीत लिहिलं की बंगल्याचं गेट आणि हे गेट एकसारखंच दिसतं, ऐकताना ते तसं नाही. बंगल्याच्या गेटमध्ये ए लांबतो, जवळजवळ 'गेइट'. आपल्या या गेटमधला ए एकदम आखूड, जीभ तिथे रेंगाळूच द्यायची नाही. आणि अमेरिकन लोक बोलताना मधला ट मऊ करून टाकतात, 'गेट इट' चं 'गेडिट' होतं, 'गॉट अ' चं 'गॉडा', 'गॉट टू गो' चं 'गॉटा गो' किंवा 'गॉडा गो'. सिरीज बघताना सबटायटल वाचल्यावर आपण म्हणतो अरे एवढं सोपं वाक्य होतं, मग ऐकू का नाही आलं, तर त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

तिथेच तुम्हाला 'गॉटन' सुद्धा ऐकू येईल. 'इट हॅज गॉटन बेटर.' हे चूक नाही, अमेरिकेत तिसरं रूप गॉटन, इंग्लंडमध्ये गॉट, आपण शाळेत इंग्लंडवालं शिकलो. गॉटन हे मूळचं जुनंच रूप आहे, अमेरिकेत टिकलं, इंग्लंडमध्ये मागे पडलं, पण 'फर्गेट, फर्गॉट, फर्गॉटन' मध्ये दोन्हीकडे अजून आहे.

फर्गेटचा विषय निघालाच आहे तर ही गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. हा गेट मुळात इंग्रजांचा नाहीच. ७९३ साली व्हायकिंग लोकांनी, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडच्या दर्यावर्दी टोळ्यांनी, इंग्लंडच्या लिंडिस्फार्न बेटावरच्या मठावर हल्ला केला, पुढे त्यांच्या टोळ्या इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला येऊन राहिल्या, शेती करायला लागल्या, शेजारी झाले, सोयरिकी झाल्या, आणि त्यांच्या नॉर्स भाषेतला 'गेटा' हा शब्द इंग्रजीत शिरला. टेक, एग, स्काय, अगदी 'दे' हे सर्वनामसुद्धा त्यांच्याकडूनच आलं. इंग्रजीत आधीपासून या शब्दाचा भाऊबंद होता पण तो एकटा फिरत नव्हता, दुसऱ्याला चिकटूनच यायचा, त्यातला एक म्हणजे फर्गेट. मूळ अर्थ हाताशी धरणं, आणि फर्गेट म्हणजे धरलेलं हातातून निसटणं. विसरणं म्हणजे पकड सुटणं! हे कळल्यापासून मला तो शब्द कधी परका वाटला नाही.

गेट अप, गेट ओव्हर, गेट अलाँग अशा जोड्यांच्या यादी पाठ करू नका, पन्नासची यादी दोन दिवसांत विसरते. रोजच्या चार-पाच घ्या. गेट अप, अंथरुणातून उठणं (वेक अप म्हणजे नुसती जाग येणं, जाग सहाला आली आणि उठलो सातला हे दोन वेगळे शब्द आहेत). गेट बॅक, परत येणं. गेट अलाँग, पटणं, 'दे डोंट गेट अलाँग', त्यांचं पटत नाही. गेट ओव्हर, दुखणं किंवा दुःख यातून बाहेर येणं. गेट रिड ऑफ, पिच्छा सोडवणं, टाकून देणं. एवढ्या पुरतात, बाकीच्या ऐकता ऐकता येतात.

आणि कुठे वापरायचा नाही तेही. गेट बोलण्यातला शब्द आहे. सहकाऱ्याला 'गॉट युअर मेल, थँक्स' लिहिलं तर काही बिघडत नाही. पण अर्ज, सरकारी पत्र, कॉलेजचा प्रोजेक्ट, तिथे रिसीव्ह, ऑब्टेन, बिकम, अराइव्ह असे शब्द घ्या. 'आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर'. परीक्षेत निबंधातही दर ओळीला गेट नको.

सराव मी असा केला. एक साधी वही, रोज रात्री दिवसभरात खरंच घडलेली तीन वाक्यं आधी मराठीत लिहायची, पुस्तकातली नाही, स्वतःची, आणि मग त्यात गेट कुठे बसतो ते बघायचं. अडलं तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असतात त्या लर्नर्स डिक्शनरीत बघायचं, मोबाइलवर फुकट आहेत, अर्थाच्या यादीपेक्षा त्यातली उदाहरणाची वाक्यं वाचायची. महिनाभरात हात बसतो.

आज रात्रीसाठी ही पाच घ्या, उत्तरं खाली दिलीत पण आधी स्वतः करा. चष्मा दुरुस्त करून घेतला. पोरं झोपेला आली होती आणि चिडचिडी व्हायला लागली. आम्ही नाशिकला दुपारी पोचलो. मला जोक कळलाच नाही. आजीला औषध घ्यायला लावलं एकदाचं.

'आय गॉट माय ग्लासेस रिपेअर्ड.' 'द किड्स वेअर स्लीपी अँड गेटिंग क्रँकी', इथे झोपेला आलेली होती ही स्थिती म्हणून वेअर, चिडचिडी व्हायला लागली हा बदल म्हणून गेटिंग. 'वुई गॉट टू नाशिक इन द आफ्टरनून.' 'आय डिडंट गेट द जोक', आणि इथे डिडंट आहे म्हणून गॉट नाही, गेटच. 'आय फायनली गॉट आजी टू टेक हर मेडिसिन', आणि औषध घेण्याला इंग्रजीत ईट नाही, ड्रिंक नाही, टेक लागतो. टेकबद्दल पुढच्या वेळी लिहीन, तो गेटइतकाच मोठा आहे.